जुने-नवे सगळे बॅकअप एका डिस्कवर आणायचे, तर फॉरमॅट कोणता मारायचा?

अमळनेरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, सोसायट्यांचे ताळेबंद, आणि मधली काही वर्षं लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. २०२३ च्या लग्नसराईत एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. लग्न बारा वर्षांपूर्वीचं. घरात पाणी शिरलं आणि अल्बमचा लगदा झाला. "भो, मना लगीनना फोटू शेतस का तुनाकडे?"

होते. कुठं होते ते मात्र सांगता येईना. पाच जुन्या हार्ड डिस्क, तीनशेच्या आसपास सीड्या-डीव्हीड्या, आठ-दहा पेन ड्राइव्ह, आणि माळ्यावर विंडोज एक्सपीचा एक डबा, म्हणजे जुना कॉम्प्युटर. फोटो तिसऱ्या दिवशी सापडले. त्या रात्री ठरवलं की हे सगळं एका जागी आणायचं.

नवी डिस्क आणली. पुण्यातला भाचा अॅपलचा मॅक कॉम्प्युटर वापरतो, म्हणून "सगळीकडे चालतो" असा एक्सफॅट फॉरमॅट मारला आणि फावल्या वेळात अठरा दिवस कॉपी करत बसलो. एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली होती. डिस्क परत लावली तर एका मुख्य फोल्डरच्या जागी अगम्य नावाची एकच फाइल. विंडोजचं डिस्क दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवलं, तेव्हा त्यानं सापडतील ते तुकडे 'फाउंड.०००' नावाच्या फोल्डरमध्ये गोळा करून दिले. नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसत्या क्रमांकाच्या सीएचके फाइली. सीड्या अजून भंगारात दिल्या नव्हत्या, म्हणून वाचलो.

तुम्ही हे काम पहिल्यांदाच करत असाल, तर माझे अठरा दिवस तुमचे जाऊ नयेत.

आधी जमवायचं सामान

- नव्या हार्ड डिस्क दोन. एक नाही, दोन. का ते शेवटी येईल.
- बॅटरी शाबूत असलेला लॅपटॉप. आपल्याकडे डेस्कटॉपवर हे काम करू नका. यूएसबीची छोटी डिस्क कॉम्प्युटरकडूनच वीज घेते, तो बंद पडला की तीही त्याच क्षणी बंद.
- जुन्या अंतर्गत डिस्क वाचायला साटा-ते-यूएसबी केबल. एक्सपीच्या काळातली रुंद पट्ट्याची डिस्क असेल तर आयडीई अॅडॉप्टर. साडेतीन इंची डिस्कला अॅडॉप्टरसोबत वेगळा पॉवर सप्लाय लागतोच.
- यूएसबीचा डीव्हीडी रायटर.
- फुकट मिळणारी तीन सॉफ्टवेअर: क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत बघायला), फ्रीफाइलसिंक (दोन फोल्डर ताडून बघायला), सेव्हन-झिप (एखादी फाइल तपासायला).
- वही, पेन, आणि सीडीवर लिहायचा मार्कर.

१. माऊसला हात लावण्याआधी वही

प्रत्येक डिस्क, पेन ड्राइव्ह, सीडीच्या गठ्ठ्याला मार्करनं क्रमांक द्या. वहीत क्रमांकापुढे चार गोष्टी: कुठून आली, साधारण कोणत्या वर्षांची, किती भरलेली, आणि तिचा सध्याचा फॉरमॅट. फॉरमॅट बघायला ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'फाइल सिस्टीम'समोर लिहिलेला असतो.

जागेचा हिशेब इथंच होतो. सीडी ७०० एमबीची, म्हणजे नुसत्या सीड्याच तीनशे असल्या आणि काठोकाठ भरल्या तरी २१० जीबीच. लोक सीड्यांच्या ढिगाला घाबरतात, पण खरी जागा खातो तो व्हिडिओ. मिनी-डीव्ही टेपवरून घेतलेलं एक तासाचं शूटिंग सुमारे १३ जीबी होतं. जी बेरीज येईल तिच्या दुप्पट जागेची डिस्क घ्या, पुढचे बॅकअपही त्यातच यायचे आहेत. आणि २ टीबीची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसली, तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच: या डिस्कवर लिहिणार कोण? वाचणार कोण, हा प्रश्न नाही. मी तिथंच चुकलो. भाचा वर्षातून एकदा चार फोटो मागतो. रोज लिहिणारा मी, आणि माझ्याकडं सगळं विंडोज.

२. फॉरमॅट म्हणजे काय, एका परिच्छेदात

तलाठ्याच्या दप्तरात कोणता गट नंबर कुणाच्या नावावर, याची नोंद असते. डिस्कवर कोणती फाइल कोणत्या जागेवर, याची अशीच नोंदवही असते. ती ठेवायची पद्धत म्हणजे फॉरमॅट, शुद्ध शब्दांत फाइल सिस्टीम. जमीन जागेवरच असते, पण दप्तर जळालं की वाद सुरू. माझ्या डिस्कवरचे फोटो त्या दुपारी जागेवरच होते, दप्तर गेलं होतं.

३. बाजारात असलेले फॉरमॅट

*फॅट३२.* टीव्ही, कार स्टिरिओ, जुना डबा, सगळीकडे चालतो. पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. डिस्कवर ५०० जीबी मोकळी असली तरी विंडोज 'फाइल फार मोठी आहे' म्हणून अडून बसतं आणि नवखा माणूस डिस्क खराब समजतो. बॅकअपसाठी बाद.

*एक्सफॅट.* मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये आणला. ४ जीबीची अडचण नाही. विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येतो, लिनक्स या विंडोजसारख्याच, पण फुकट मिळणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातही २०१९ पासून त्याची सोय आहे. म्हणून जो तो हाच सुचवतो. त्याची दुखणी दोन.

पहिलं, त्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे कच्ची वही: "आता ही नोंद बदलतोय" असं आधी तिथं लिहायचं, मग पक्क्या वहीत उतरवायचं. मध्येच लाईट गेली तर कच्ची वही बघून अर्धवट व्यवहार निस्तरता येतो. एक्सफॅटमध्ये ही सोय नाही, आणि फॅट३२ नोंदतक्त्याच्या दोन प्रती ठेवतो तशी दुसरी प्रतही सहसा नसते.

दुसरं दुखणं कुणी सांगत नाही. डिस्कवरची जागा ठरावीक मापाच्या खणांत वाटलेली असते. ३२ जीबीच्या वरच्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटला आपणहून १२८ केबीचा खण देतं, तर १६ टीबीपर्यंतच्या एनटीएफएसला ४ केबीचा. फाइल १० केबीची असली तरी एक्सफॅटमध्ये ती अख्खा खण अडवते. माझ्याकडं फॉन्ट, क्लिपआर्ट, जुन्या जाहिराती अशा बारक्या फाइली लाखभर. १० केबीच्या एक लाख फाइली एनटीएफएसवर सव्वा जीबीच्या आत बसतात, एक्सफॅटवर त्याच १२ जीबीच्या वर जातात. नुसते व्हिडिओ असतील तर हा फरक जाणवणारही नाही.

*एनटीएफएस.* १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आलेला, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या पहिल्या कॉम्प्युटरपेक्षा जुना. जर्नल आहे, बारक्या फाइलींना काटकसर आहे. मॅक तो वाचतो, पण त्यावर स्वतःहून लिहीत नाही. लिनक्स वाचतो आणि लिहितोही. हेही सांगतो की जर्नल दप्तर वाचवतं, पण लाईट गेली त्या क्षणी जी फाइल कॉपी होत होती ती अर्धवटच राहते. ती एक परत करायची, सगळं नाही.

*मॅकचे दोन:* जुना एचएफएस प्लस आणि २०१७ पासूनचा एपीएफएस. विंडोजला दोन्ही दिसत नाहीत. *लिनक्सचा ईएक्सटी४* दणकट आहे, पण विंडोजला तोही परका.

४. मग निवड कोणती

घरात किंवा दुकानात लिहिणारं मशीन विंडोज असेल तर एनटीएफएस, डोळे मिटून. जिथं लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तिथं "सगळीकडे चालतं" यापेक्षा "लाईट गेली तरी टिकतं" हा गुण मोठा. मॅकवाल्या पाहुण्याला फोटो द्यायचे, तर ६४ जीबीचा एक पेन ड्राइव्ह एक्सफॅट करून ठेवा. तो नुसता ने-आण करायला. त्याच्यावर कोणतीही एकुलती एक प्रत कधी राहू द्यायची नाही.

घरात फक्त मॅक असेल तर त्याचाच फॉरमॅट घ्या. त्याची टाइम मशीन ही बॅकअपची सोय एनटीएफएस किंवा एक्सफॅटच्या डिस्कवर चालत नाही. इथं एक सापळा आहे: नवी डिस्क लावल्यावर मॅक "ही टाइम मशीनसाठी वापरू का?" असं विचारू शकतो. हो म्हणत गेलात तर डिस्क पुसली जाते. जुना माल असलेली डिस्क मॅकला लावताना हा प्रश्न नीट वाचा.

दोन्ही मशीनवर रोज लिहिणारे असतील तर डिस्कच वेगवेगळ्या घ्या. एका डिस्कचे दोन भाग करून एक मॅकला, एक विंडोजला देता येतो, पण मला ते पटत नाही. एका मशीनला दुसऱ्याचा भाग परका दिसतो, आणि परकी जागा दिसली की मशीन ती फॉरमॅट करायला सुचवतं.

५. डिस्क घेताना

मी जळगावात गोलाणी मार्केटला जाऊन घेतली, ऑनलाइनही चालेल. नावाजलेल्या कंपनीची, पक्क्या बिलाची. अगदी स्वस्तातला '२ टीबी पेन ड्राइव्ह' कुठं दिसला तर हात लावू नका. असल्या मालात खरी जागा थोडी असते आणि आकडा मोठा दाखवलेला असतो. भरत जाता तोवर सगळं ठीक वाटतं, उघडायला गेलं की फाइल कोरी.

एसएसडी घेऊ की साधी फिरती हार्ड डिस्क? कपाटात महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या बॅकअपला साधी हार्ड डिस्कच. एसएसडीमध्ये डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो. वीज न मिळता ती पडून राहिली तर हा भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत जास्त वेगानं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, बंद घरातलं लोखंडी कपाट आतून कसं तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

६. प्रत्यक्ष फॉरमॅट मारताना

या पायरीवर सगळ्यात जास्त डेटा उडतो. म्हणून आधी बाकीच्या सगळ्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह काढा. लॅपटॉपला फक्त नवी डिस्क राहू द्या.

विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्क अगदी कोरी असेल तर एमबीआर की जीपीटी असं विचारलं जाईल. डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या या दोन पद्धती. जीपीटी घ्या. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग एनटीएफएस, 'अॅलोकेशन युनिट साइज' (वर सांगितलेल्या खणाचं माप) आहे ती 'डिफॉल्ट'च ठेवा, आणि डिस्कला ओळखीचं नाव द्या. 'न्यू व्हॉल्यूम' नावाच्या तीन डिस्क एकत्र लागल्या की काय होतं, ते मी भोगलंय.

'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून टाका. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून पुढं डिस्कच्या प्रत्येक जागेवर एकदा लिहून पाहतं, म्हणजे नव्या डिस्कची परीक्षाच होते. २ टीबीला शंभर एमबी प्रति सेकंद या वेगानं साडेपाच तास लागतात. रात्री लावून झोपा. डिस्क नापास झाली तर पावती ताजी असतानाच परत करता येते.

एक धोक्याची सूचना वेगळी लिहितो. जुनी डिस्क लावल्यावर विंडोज "वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल" असं म्हणालं, तर 'कॅन्सल'. बऱ्याचदा ती डिस्क खराब नसते, मॅक किंवा लिनक्सची असते. ती त्याच जातीच्या मशीनला लावून बघा. गावात मॅक मिळणं अवघड असेल, तर वहीत तशी नोंद करून बाजूला ठेवा, कुणी ना कुणी पुण्या-मुंबईहून येतंच. (विप्रोसारखी कंपनी १९४५ मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तुपापासून सुरू झाली. पण मॅकची केबल आजही बाहेरगावाहून मागवतो.)

७. जुना माल ओतताना

एक्सपीच्या डब्याला नवी डिस्क जोडू नका. जीपीटीची डिस्क साध्या एक्सपीला कळत नाही. उलट डब्यातली डिस्क काढून अॅडॉप्टरनं लॅपटॉपला लावा.

सगळ्यात आधी सगळ्यात आजारी डिस्क. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ती निळी दिसली तर ठीक, पिवळी किंवा लाल असेल तर तिचं काम आजच, आणि एका दमात, महत्त्वाच्या फोल्डरपासून. टकटक आवाज करणारी डिस्क चालवतच बसू नका. आतलं खरंच मोलाचं असेल तर ती बंद करून डेटा काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडं न्या. तापमानही इथंच दिसतं. ५० च्या वर गेलं की मी थांबतो. उन्हाळ्यात हे काम पहाटे करायचं.

कट-पेस्ट कधीच नाही, कॉपीच. प्रत्येक जुन्या डिस्कचा नव्या डिस्कवर वेगळा फोल्डर, वहीतल्या क्रमांकाच्याच नावाचा. एकाच फाइलच्या चार प्रती आल्या तर येऊ द्या. कॉपी करता करता नीटनेटकं करायला जाणारा माणूस हमखास काहीतरी पुसतो. आवरासावर नंतर, दोन्ही डिस्क भरल्यावर.

जुन्या विंडोजच्या 'युजर्स' फोल्डरवर 'परवानगी नाही' असं आलं तर 'कंटिन्यू' दाबा आणि थांबा, वेळ लागतो. नावं हिरव्या अक्षरांत दिसत असतील तर मात्र त्या फाइली कुलूपबंद केलेल्या असू शकतात. किल्ली जुन्याच विंडोजमध्ये असते, म्हणून ते विंडोज चालू होत असेल तोवर पुसू नका.

आता फॉरमॅटपेक्षाही जास्त नडणारी गोष्ट. डिस्क उत्तम वाचता येते, पण आतला बॅकअपच उघडत नाही. एक्सपीच्या बॅकअप प्रोग्रामची बीकेएफ फाइल नवं विंडोज आपणहून उघडत नाही. घोस्ट या जुन्या बॅकअप प्रोग्रामच्या जीएचओ फाइलीला त्याचं सॉफ्टवेअर लागतं. असे डबाबंद बॅकअप आजच उघडून आतल्या साध्या फाइली बाहेर काढा. दहा वर्षांनी ते उघडणारं मशीन मिळेलच असं नाही. टॅलीचा डेटा आकडी नावाच्या फोल्डरांत असतो. ती नावं बदलायची नाहीत, कोणत्या आकड्याची फर्म कोणती, ते वहीत लिहायचं.

आणि मराठी मजकूर! युनिकोडच्या आधीचं श्री-लिपी, कृतिदेव, आयएसएममधलं काम फॉन्टशिवाय उघडलं तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइलींसोबत फॉन्टचा फोल्डरही बॅकअपमध्ये हवाच. पानं जुळवायच्या पेजमेकर सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती ७.० ही २००१ ची. ते चालणारं मशीन हाताशी आहे तोवर महत्त्वाच्या कामांची पीडीएफ करून ठेवा. माझा यात पूर्ण एक श्रावण गेला, पण गेल्या वर्षी एका शाळेला त्यांची जुनी स्मरणिका पाच मिनिटांत काढून दिली.

फाइलींची नावं मराठीत असली तरी एनटीएफएसला काही अडचण नाही. गंमत होते ती मॅकच्या जुन्या एचएफएस प्लसवरून आलेल्या फाइलींत. तो फॉरमॅट नावातला 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता असा साठवतो. त्यामुळे 'शेतकऱ्यांची यादी' नावाच्या एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी-शेजारी उभ्या राहू शकतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसतो. घाबरू नका, दोन्ही उघडून बघा.

फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असं झालं की पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढं जातो आणि विंडोजची नेहमीची कॉपी अडते. वरच्या फोल्डरचं नाव छोटं करा. 'माझा सर्व जुना महत्त्वाचा डेटा' असं नाव द्यायचा मोह टाळा, 'डी३' पुरे.

८. पडताळा

कॉपी संपली म्हणजे काम संपलं, असं नाही. फ्रीफाइलसिंकमध्ये एका बाजूला जुना फोल्डर, दुसरीकडे नवा, आणि तुलना 'फाइल कंटेंट'नं. नुसत्या तारखेनं आणि आकारानं नको. रात्रभर चालेल, चालू द्या. फरक शून्य आला की वहीत बरोबरची खूण. शंका असलेली एखादीच मोठी फाइल तपासायची असेल तर सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूमध्ये 'सीआरसी एसएचए' असतं, दोन्हीकडचे आकडे जुळले की झालं.

डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह'. फॉरमॅट कोणताही असो.

९. पुढचे बॅकअप आणि ती दुसरी डिस्क

नव्या कामासाठी त्याच डिस्कवर वर्षाचा फोल्डर: '२०२५', '२०२६'. मी दर रविवारी दुकान बंद केल्यावर कॉपी करतो आणि डिस्क काढून ठेवतो. ती कायम जोडून ठेवायची नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर जोडलेली डिस्कही त्याच्या तावडीत सापडते.

दुसरी डिस्क पहिलीसारखीच: एनटीएफएस, पूर्ण फॉरमॅट, तोच माल. नाव तेवढं वेगळं, नाहीतर कोणती कुठली ते कळत नाही. ती अमळनेरात ठेवायची नाही, म्हणजे इथं पाणी शिरलं किंवा पहिली डिस्क गेली तरी दुसरी वाचते. माझी धुळ्याला बहिणीकडं असते, तिच्या गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या मधे. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला माहेरी येते तेव्हा डिस्क घेऊन येते, मी नवा माल ओततो, पडताळा करतो आणि तिच्या पिशवीत परत देतो. आखाजीच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी ठेवू नको, एवढं दर वेळी बजावतो. ती म्हणते, भाऊ, सांजोऱ्यांच्या डब्याखाली ठेवते, तिथं कुणी हात लावत नाही.